उंच केलेली जुनी जीप पासिंगला अडली, आता काय?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. मी तिचा तिसरा मालक. पुढे-मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे. आधीच्या मालकाने जाड पाटे, लांब शॅकल (पाटे चॅसिसला जोडणारे दुवे) आणि लांब शॉकअप टाकून ती चार इंच उचलली होती, टायरही मोठे घातले होते. खरं सांगायचं तर त्या उंचीवर भाळूनच मी ती घेतली. आता तिची 15 वर्षांची नोंदणी पुढच्या महिन्यात संपते आहे. पासिंगला नेली तेव्हा निरीक्षकांनी 'ओरिजिनल करून आणा' असं तोंडी सांगून परत पाठवलं. एजंट म्हणतो, मूळ पाटे आणि टायर भाड्याने लावू, 'गाडीत कोणताही बदल नाही' असं प्रतिज्ञापत्र करू आणि पासिंग झालं की जुनं साहित्य परत चढवू. माझे प्रश्न असे : आरसीवर गाडीची उंची लिहिलेलीच नाही, तर हा बदल बेकायदा कसा? बदल मी केलेला नाही, तर गुन्हा माझा कसा? अपघात झाला तर विमा मिळेल का? आणि पासिंगचा नाद सोडून गाडी फक्त खासगी जमिनीवर चालवली तर?

उत्तर : यात सर्वांत घाईची गोष्ट आहे नोंदणीची मुदत, आणि तीच तुम्ही विचारलेली नाही. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 41 प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 52 नुसार नमुना 25 मधला अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून करता येतो. म्हणजे तुमची खिडकी आत्ता उघडी आहे. मुदत उलटल्यावर तीच जीप रस्त्यावर आणलीत, तर विषय सस्पेन्शनचा राहणार नाही, विनानोंदणी वाहन चालवण्याचा होईल. कलम 192 खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे, दुसऱ्या वेळी कैदही होऊ शकते. त्याहून त्रासाचं म्हणजे कलम 207. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे, तो परवाना, नोंदणी, परमिट अशा ठरावीक उल्लंघनांसाठी. नुसत्या उचललेल्या गाडीचा त्यात उल्लेख नाही, पण नोंदणी नसलेल्या गाडीचा आहे. आज रस्त्यात कोणी अडवलं तर बहुधा चलान फाडून सोडतील. पुढच्या महिन्यानंतर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहू शकते.

आता आरसीचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. कलम 52 म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. खासगी गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर, चॅसिस नंबर, बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, आसनं, रिकामं वजन, व्हीलबेस असे रकाने असतात. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीचा, रकाना नसतो. मग जो तपशील आरसीवर नाहीच, तो बदलला कसा, असा युक्तिवाद करता येतो आणि हौशी लोक तो हिरिरीने करतात. वकील म्हणून मीही तो करेन, पण शेवटचा म्हणून. पहिला म्हणून नाही.

कारण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं लिहिलं आहे. जमिनीपासूनची उंची, गुरुत्वमध्य, स्टिअरिंगची भूमिती हे जीपचं मूळ वैशिष्ट्य नाही, असं निरीक्षकाला पटवणं अवघड आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे रचनेतल्या बदलांना मोकळीक दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला नोंदणी अधिकारीसुद्धा मंजुरी देऊ शकत नाही असं सांगितलं. बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या बुलबारचंही उदाहरण घ्या. आरसीवर बुलबारचा रकाना कुठे असतो? तरीही रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार हे कलम 52 चं उल्लंघन असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. 'आरसीवर नाही म्हणजे चालतं' हे तिथे टिकलं नाही. उचललेल्या सस्पेन्शनला ते टिकेल यावर मी माझ्या अशिलाचे पैसे लावणार नाही.

'दोन इंचांपर्यंत चालतं' हेही तुमच्या कानावर आलं असेलच. कलम 52 मध्ये इंचांचा उल्लेखच नाही. दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडीची वाढवलेली उंची, निरीक्षकाच्या नजरेतून सुटते आणि चार इंचांची भरते, एवढाच त्या समजुतीचा उगम. नजरेतून सुटणं म्हणजे परवानगी नव्हे.

मात्र जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे, आणि पुष्कळ लोकांकडून ती मांडायची राहूनच जाते. पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसतात. त्यांची कमान सपाट होते. अशा बसलेल्या गाडीला कंपनीच्याच मापाचे नवे पाटे घातले की ती पूर्वीपेक्षा उठून दिसते. शेजारी दुसरी बसलेली जीप उभी असेल तर आणखीच. ही दुरुस्ती आहे, बदल नाही. तुमची जीप मूळ पाट्यांवर आणल्यानंतरही निरीक्षकांना ती 'उंच' वाटू शकते, कारण त्यांच्या डोळ्यांना सवय बसलेल्या जिपांची. तेव्हा तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद दाखवावा. पाट्यांचा पार्ट नंबर, खरेदीचं बिल, पाट्यांची संख्या आणि टायरचं माप सांगणारं कंपनीचं मॅन्युअल. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजा आणि फोटो काढून ठेवा. जास्तीचा एखादा पाटा घुसवला असेल तर मात्र ती दुरुस्ती राहत नाही.

गुन्हा कोणाचा, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण त्याचं उत्तर अर्धं तुमच्या बाजूने आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ, उपकलम 4, 'मालक असताना जो बदल करतो' त्याला लागू होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे लक्षात घ्या. पाटे वेगळे, टायर वेगळे, बंपर वेगळा, अशी मोजणी होऊ शकते. पण बदल करणारा मालक तुम्ही नव्हे. गाडी विकत घेताना काढलेले फोटो, विक्रेत्याशी झालेले संदेश, जुन्या जाहिरातीतली छायाचित्रं यांतून लिफ्ट आधीची आहे हे दिसत असेल, तर या उपकलमाखालचा खटला तुमच्याविरुद्ध उभा राहणं कठीण आहे. ते सगळं आजच जपून ठेवा. एक पथ्य पाळा : समोर आलेलं चलान घाईघाईने भरून टाकू नका. दंड भरून प्रकरण मिटवण्याची सोय कायद्यात आहे आणि ती सोयीची वाटते, पण भरलेलं चलान पुढे तुमच्याविरुद्ध दाखवलं जाऊ शकतं. आधी कोणतं कलम लावलं आहे ते वाचा.

उत्तराची दुसरी बाजू अशी. कलम 190, उपकलम 2, बदल कोणी केला हे विचारतच नाही. रस्ता सुरक्षेच्या ठरलेल्या मानकांत न बसणारी गाडी जो चालवतो किंवा चालवू देतो, त्याला ते लागू होतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. कलम 53 खालची नोंदणी निलंबित करण्याची कारवाईही गाडीच्या आजच्या स्थितीवर होते, तिच्या इतिहासावर नाही. म्हणजे बदल केल्याच्या आरोपातून तुम्ही सुटाल, पण तशीच गाडी चालवल्याच्या आरोपातून सुटणार नाही.

जाता जाता गॅरेजवाल्याबद्दल. या कायद्यातल्या 'डीलर'च्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही येतो, आणि कलम 182अ च्या पहिल्या उपकलमाखाली नियमबाह्य बदल करणाऱ्या डीलरला वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड होऊ शकतो. बिलावर 'ग्राहकाच्या जबाबदारीवर' असा शिक्का का असतो, ते यावरून समजेल.

आता एजंटचा सल्ला. भाड्याचे पाटे लावून पासिंग करून घेण्याचा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटतच नाही. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट खरोखर धोक्याची वाटते. आत्तापर्यंत तुम्ही दुसऱ्याने बदललेली गाडी घेतलेला माणूस आहात. प्रतिज्ञापत्रावर सही करून पुन्हा लिफ्ट चढवलीत की तुम्ही स्वतः बदल करणारे मालक झालात, म्हणजे 182अ मधला तुमचा बचाव तुम्हीच मोडलात. 'कोणताही बदल नाही' हे वाक्य सही करताना गाडीखाली वाकून पाहिलं तर कदाचित खरं असेल. पण पासिंगनंतर साहित्य परत चढवायचं हे आधीच ठरलेलं असेल आणि एजंटबरोबरच्या संदेशांत ते लिहिलेलं असेल, तर ते वाक्य फसवणुकीचा पुरावा ठरतं. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं आणि खोटं प्रतिज्ञापत्र करणं हे भारतीय न्याय संहितेखाली वेगळे गुन्हे आहेत. पाच हजारांच्या दंडाचं प्रकरण एजंटच्या सांगण्यावरून फौजदारी खटल्यापर्यंत नेऊ नका. आणि तसा प्रसंग आला तर एजंट तुमच्या शेजारी उभा नसेल, कारण सही त्याची नाही.

विम्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई आणि तुमच्या स्वतःच्या गाडीची भरपाई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या पक्षाच्या दाव्यात विमा कंपनी कोणत्या कारणांवर हात वर करू शकते, याची यादी कलम 150 मध्ये दिली आहे. लायसन्स नसलेला चालक, नशेत चालवणं, आयोजित शर्यत किंवा वेगचाचणी, परमिटविरुद्ध वापर वगैरे. 'सस्पेन्शन उचललं होतं' असं कारण त्यात नाही. पण महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून किंवा खोटी सांगून पॉलिसी घेतली असेल, हे कारण आहे. कंपनी त्याच वाटेने येते. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात (2004) लायसन्सच्या संदर्भात सांगितलं की अटीचा भंग सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर आहे आणि भंग अपघाताला कारण ठरण्याइतका मूलभूत असला पाहिजे. तो निकाल तुमच्या उपयोगी पडतो. पण कोर्ट कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावून ते नंतर मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं, आणि तेव्हा वसुली तुमच्या घरावर येते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत कंपनी अधिक मोकळेपणाने नकार देते. इथे 1996 चा बी. व्ही. नागराजू निकाल कामाचा आहे. मालवाहू गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं बसली होती, म्हणून कंपनीने भरपाई नाकारली होती. त्या जादा माणसांमुळे अपघात झाला नव्हता, तेव्हा एवढ्या कारणावर दावा पूर्ण फेटाळता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हे तुमच्या जीपला लावून बघा. उभ्या गाडीवर झाड पडलं किंवा ती चोरीला गेली, तर लिफ्टचा आणि नुकसानीचा संबंध काय, असं ठणकावून विचारता येईल. तीच जीप घाटातल्या वळणावर उलटली, तर सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) पहिली ओळ लिफ्टवर लिहील आणि त्याला खोडणं सोपं नसेल.

कारण तांत्रिक बाजू त्याच्या बाजूने असते. पाट्यांची गाडी उचलली की फक्त उंची बदलत नाही. गुरुत्वमध्य वर जातो, चाकांमधली रुंदी तेवढीच राहते. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारी दांडी) तिरकी होते आणि खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. लांब शॅकलने कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) बिघडतो आणि वळणानंतर स्टिअरिंग सरळ यायला कुरकुरतं. प्रॉपेलरच्या (ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, जास्त कोनात ताण येतो. ब्रेकचे होज (तेलाच्या लवचिक नळ्या) तेवढेच राहिले असतील तर चाक खाली लटकताना ते ताणले जातात. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मोठ्या टायरने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. टायरचा व्यास एक दशांशाने वाढला की काटा साठवर असताना गाडी सहासष्टने धावत असते, आणि वेग टिपणारा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही. गंभीर अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडीची तपासणी करून अहवाल देतो, तेव्हा या नोंदी त्यात येतात. निष्काळजीपणाच्या फौजदारी खटल्यात सरकारी वकील तोच अहवाल आधी वाचून दाखवतो.

खासगी जमिनीवर चालवण्याबद्दल. विम्याची सक्ती करणारं कलम 146 सार्वजनिक ठिकाणापुरतं आहे, म्हणून लोक तोच नियम नोंदणीलाही लावतात. पण नोंदणीबद्दलचं कलम 39 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' असं म्हणतं. स्वतःच्या कुंपणाआड कोणी येऊन चलान फाडेल असं नाही, पण तिथे कोणाला इजा झाली तर ना नोंदणी, ना विमा, अशा स्थितीत तुम्ही उभे असाल. दुसऱ्याच्या ट्रॅकवर स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल, तर पॉलिसीतलं वापराच्या मर्यादेचं कलम वाचा. शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा टिकाऊपणा जोखणाऱ्या स्पर्धा) सर्वसाधारण पॉलिसीतून वगळलेल्या असतात. त्यात गाडी मूळ स्थितीत असली तरी फरक पडत नाही.

विक्रेत्याकडून पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. तो जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणारा असेल, तर व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुमचा व्यवहार दोन वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे तारीख आजच तपासा. तो साधा खासगी मालक असेल तर ग्राहक कायदा लागत नाही आणि करार कायद्याकडे जावं लागेल. तिथे कलम 19 चा अपवाद आडवा येतो. विक्रेत्याने गप्प राहून गोष्ट दडवली, असं तुमचं म्हणणं असेल, पण साध्या दक्षतेने ती तुम्हाला कळली असती, तर करार रद्द करता येत नाही. चार इंच उचललेली जीप ही दडवता येणारी गोष्ट नाही, आणि तुम्ही तर तिच्यावरच भाळलात! 'आरटीओची मंजुरी आहे' असं त्याने लेखी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. ते नसेल तर या भांडणात पैसे घालू नका.

मग करायचं काय? गाडी खरोखर आणि कायमची मूळ स्थितीत आणा. फक्त पाटे बदलून भागणार नाही. लांब शॉकअप तसेच ठेवून मूळ पाटे घातले तर खड्ड्यात शॉकअप आधी टेकतो आणि फुटतो. लांब होज सैल लोंबून टायरला घासतात. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा हात), शॅकल, प्रॉपेलरखालचे स्पेसर, बंपस्टॉप (पाटे जास्त दबू न देणारे रबर), टायर, सगळं एकत्र परत यायला हवं. ॲक्सलवर वेल्डिंग करून पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील, तर मूळ ॲक्सल शोधावा लागेल. वेल्डिंगचे डाग घासून रंग मारलेला ॲक्सल घेऊन निरीक्षकांसमोर जाऊ नका. गॅरेजकडून प्रत्येक काढलेल्या आणि बसवलेल्या भागाची नोंद असलेलं बिल घ्या, अलाइनमेंटची चिठ्ठी जोडा, हेडलाइट नव्याने सेट करा.

नमुना 25 चा अर्ज मुदतीच्या आत भरा. सोबत एक साधं पत्र द्या : गाडी अमुक तारखेला या स्थितीत विकत घेतली, तोंडी सूचनेनुसार ती मूळ मापावर आणली आहे, बिलं जोडली आहेत, फेरतपासणी व्हावी. आवक शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या. 'कधीच बदल नव्हता' असं कुठेही लिहू नका. हे खरं पत्र तुमच्या फायलीत असणं एजंटच्या प्रतिज्ञापत्राहून कितीतरी मोलाचं आहे, कारण तुम्ही बदल केला नाहीत आणि कळल्यावर दुरुस्त केलात, या दोन्ही गोष्टी त्यातून तारखेसह दिसतात.

एवढं करूनही नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. लेखी आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येतं. आदेश देण्यात टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात तपासणीच्या शेऱ्याची प्रत मागा. फेरतपासणी होईपर्यंत मुदत संपली, तर गाडी स्वतः चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर घालून न्या आणि त्याची पावती फायलीला लावा. काढलेले पाटे आणि टायर विकायचे असतील, तर ते पासिंगच्या आधी विका. खरेदीदाराची सही असलेली चिठ्ठीही त्याच फायलीत जाऊ द्या.